रुखवतातलं मशीन

माझी नोकरी खेळण्याची आहे, असं अप्पा लोकांना सांगतात. अप्पा म्हणजे माझे वडील. प्रत्यक्षात मी एका गेमच्या कंपनीत मराठवाड्याची विक्री बघते, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचं एक मशीन दुकानदारांच्या गळ्यात मारते. आई गेल्यावर मी अप्पांना कन्नडहून छत्रपती संभाजीनगरला माझ्याकडे आणलं. सुरुवातीला ते गॅलरीत बसून रस्त्यावरची प्रत्येक एसटी कुठली ते मला सांगायचे, मी विचारलेलं नसताना. मग खालच्या बागेत त्यांना पत्ते खेळणारी मंडळी सापडली आणि ते जेवायलाही वेळेवर घरी येईनात. मी वरून ओरडून बोलवायची, ते हात हलवून थांब म्हणायचे. इतकं बरं मला आई गेल्यापासून कधी वाटलं नव्हतं.

मशीन मात्र कुणी घेत नव्हतं. दुकानांत ते फ्रिज आणि कूलरच्या मधल्या जागेत पडून असायचं, आणि खोका सपाट असल्यामुळे दुकानदार त्यावर चहाचा कप ठेवायचे. पोरं मोबाइलवर फुकट खेळतात, त्यांना हे कशाला हवंय, असं मला सगळीकडे ऐकवलं जायचं. बेंगळुरूच्या मुख्य ऑफिसात दर सोमवारी व्हिडिओवर मीटिंग व्हायची. तिथं हुशार माणसं उपाय सुचवायची. एकदा त्यांनी खूप विचार करून मशीनचा रंग बदलला. आधी काळं मशीन विकलं जात नव्हतं, आता पांढरं विकलं जाईना. नवा खोकाही केला, पांढराशुभ्र, चकचकीत, वर चंदेरी अक्षरं. त्यावर चहाचे डाग फार उठून दिसायचे.

शेवटी साहेबांनी सांगितलं की दिवाळीपर्यंत आकडा हलला नाही तर मराठवाड्याचं काम बंद, आणि मी बेंगळुरूला यायचं. मी जेवताना अप्पांना हे सांगितलं. ते म्हणाले, "तू जा. मी कन्नडला जाईन. माझी काय अडचण नको तुला." आणि ताक मागितलं.

कन्नडचं घर म्हणजे कुलूप लावलेल्या दोन खोल्या. अप्पांना चहापलीकडे काही करता येत नाही. ब्लड प्रेशरची गोळी हातात ठेवली तरच घेतात. कंपनीचं काहीही होवो, मला त्याचं सोयरसुतक नव्हतं. पण अप्पा तिथं एकटे स्टोव्हसमोर उभे आहेत हे डोळ्यांसमोर आलं की मी हातातला घास परत ताटात ठेवायची. तेव्हा मशीन विकणं भागच होतं.

लग्नसराईत फुलंब्रीच्या दुकानदाराचा फोन आला. मी त्यांना भाई म्हणते. "मॅडम, माल संपला. और भेजो." मला वाटलं चेष्टा करताहेत. मी दुसऱ्या दिवशी गेले तर दुकानात खरंच एकही खोका नव्हता.

"कोण घेतंय?" मी विचारलं.

"चला, दाखवतो. दावत हायच." असं म्हणून भाईंनी मला एका लग्नाला नेलं.

मांडवात रुखवत मांडलं होतं. लाडू, करंज्या, कुरडयांची रास, स्टीलचे डबे उतरत्या क्रमानं, मिक्सर, कूलर, आणि सगळ्यांच्या मधोमध लाल रिबीन बांधलेला आमचा पांढरा खोका. दोन बायका त्याच्यासमोर उभ्या होत्या.

"हे काय हाय गं?"

"टीव्हीचं हाय कायतरी. बापानं पोरीला काय कमी केलं नाय."

भाई माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मॅडम, तुमचा डब्बा लई खूबसूरत. अंदर काय हाय, ते मला कोणी पुछतच नाय."

झालं असं होतं की कुण्या मामानं हौसेनं एक खोका भाचीच्या रुखवतात ठेवला. मिक्सर आणि कूलर सगळ्यांच्याच रुखवतात असतात, हे नवीन होतं. ते पाहून गेलेल्या प्रत्येकाला आपल्या मुलीच्या लग्नात ते असणं गरजेचं वाटू लागलं. फुलंब्रीहून ते लोण कन्नडला गेलं. बिडकीनला एका लग्नात दोन खोके ठेवले, एक जावयाला आणि एक त्याच्या धाकट्या भावाला, म्हणजे भांडण नको.

आकडा हलला. सोमवारच्या मीटिंगमध्ये सगळ्यांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. मी घरी पेढे आणले. अप्पांनी ते बागेत नेऊन वाटले आणि मशीनचं नाव चुकीचं सांगितलं.

पण पुढं एका सोमवारी साहेबांचा चेहरा उतरलेला होता. कंपनीला मशीनमध्ये काही सुटत नाही. लोक खेळायला लागले, नवे गेम विकत घ्यायला लागले की मगच तिची कमाई. मशीन चालू झालं की बेंगळुरूला लगेच कळतं. आमच्या भागात एवढी मशीनं विकली गेली आणि एकही चालू झालेलं नव्हतं. साहेबांनी विचारलं, सगळी खराब निघाली का? मी म्हटलं, बघून सांगते.

कन्नडच्या पुढच्या एका गावापासून सुरुवात केली. अप्पाही आले, त्यांना वाटेत आपल्या घराची कौलं बघायची होती. ज्या घरी गेलो तिथं खोका कपाटावर होता. वरून प्लॅस्टिक, रिबीन जशीच्या तशी. मी सासऱ्यांना विचारलं, उघडला का नाही?

"सुनेचं हाय ते," ते म्हणाले. "तिच्या बापानं दिलेलं. आपण कसा हात लावायचा? तिला वाटंल तवा काढंल."

मी स्वयंपाकघरात सुनेकडे गेले. ती हळूच म्हणाली, "ते ह्यांच्यासाठी दिलंय ताई. मी कशी काढू? म्हणतील, माहेरचं मिरवती." तिचा नवरा आम्हाला गाडीपर्यंत सोडायला आला. त्याला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी खोका फोडायचा होता. "पण वडिलांसमोर बायकोच्या वस्तूला कसा हात लावू? येताजाता बघतो नुसता."

पुढच्या घरी हेच, त्याच्या पुढच्या घरीही हेच. सगळे एकमेकांचा मान ठेवत होते आणि खोका कपाटावर होता. एका घरी तर तो नव्हताच. चांगली, न वापरलेली वस्तू म्हणून त्यांनी तो चुलत बहिणीच्या लग्नात देऊन टाकला होता. तिथून तो आणखी एका लग्नाला गेला होता. शेवटी तो जिथं सापडला त्या घरातून मी भाईंना फोटो पाठवला. त्यांनी दबलेल्या कोपऱ्यावरून त्याला ओळखलं. "हा तर आपलाच हाय. बहुत मांडव फिरून आला!"

परतताना मी गाडी चालवत होते आणि मनातल्या मनात सामान बांधत होते. अप्पा खिडकीबाहेरची कपाशी बघत होते. मग म्हणाले, "पंचमीला तुझ्या आत्याला आणायला मीच मुराळी जायचो."

नागपंचमीला सासरच्या मुलीला माहेरी न्यायला तिचा भाऊ येतो, त्याला मुराळी म्हणतात. आमच्याकडे अजून येतो, फक्त आता मोटारसायकलवर.

"तिची पिशवी भरंस्तोवर दाजी अन् मी ओसरीवर," अप्पा म्हणाले. "पाऊस कसाय? बराय. कपाशी कशीय? बरीय. मंग परत पाऊस. लई जीव जायचा बघ. दोघं बी भले माणसं, पण बोलावं काय?"

"मग?"

"मंग काय? माहेरचा माणूस समोर असल्यावर खोका उघडायला कोण कुणाला लाजंल? तू फक्त मुराळ्याला रिकाम्या हातानं पाठवू नको."

खोक्यात खेळायचं रिमोट एकच येतं. दोघांना खेळायचं तर दुसरं वेगळं घ्यावं लागतं. मी बेंगळुरूला सांगितलं की हे दुसरं रिमोट लहान डब्यात घालून, लाल दोरा बांधून पंचमीच्या आधी दुकानात ठेवा, आणि वर एवढंच लिहा: बहिणीला आणायला जाताना. त्यांनी विचारलं, पंचमी म्हणजे काय? मी सांगितलं, त्या दिवशी नागाची पूजा करतात. मग एकानं विचारलं की डब्यावर नागाचं चित्र टाकायचं का. मी नको म्हटलं. खर्च कमी होता म्हणून साहेबांनी हो म्हटलं.

रिकाम्या हातानं कसं जायचं, या प्रश्नावर भावांना उत्तर हवंच होतं. डबे गेले. पंचमीच्या आदल्या दिवशी दुपारपासून मशीनं चालू व्हायला लागली. कन्नड, फुलंब्री, बिडकीन, मधली खेडी. बेंगळुरूला वाटलं त्यांच्या यंत्रणेत बिघाड झाला. कन्नडकडच्या त्या सुनेचा मला फोन आला. मागं आरडाओरडा चालला होता. "ताई, माझी पिशवी कवाची भरून ठेवलीय. भाऊ उठंना अन् हे उठू देईनात." मी म्हटलं, मग तू पण खेळ. ती म्हणाली, "खेळले की. दोघांना बी हरवलं, म्हणून तर उठंनात."

त्यानंतर सासरेही खेळू लागले. गेम विकले जाऊ लागले. दिवाळीत लोक रुखवताशिवायही, नुसतं खेळायला म्हणून मशीन घेऊ लागले. कंपनीला याचं फार आश्चर्य वाटलं.

दिवाळीनंतरच्या मीटिंगमध्ये साहेबांनी माझं भरभरून कौतुक केलं. मग म्हणाले की मराठवाडा आता आपोआप चालतो, दुकानदार थेट माल मागवतात, तेव्हा तिथं माणूस ठेवायची गरज उरलेली नाही. मी बेंगळुरूला यावं आणि सगळ्या देशासाठी असंच काही करावं. सगळ्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. मी आभार मानले आणि कॅमेरा बंद केला.

त्या आठवड्यात मी कन्नडची सगळी सोय लावली. स्वयंपाकाला एक बाई बघितली, शेजाऱ्यांना गोळ्यांचं सांगितलं, गॅसची शेगडी घेतली. मग एका संध्याकाळी अप्पांना समोर बसवून एकेक गोष्ट नीट समजावून सांगितली. माझा आवाज ऑफिसात बोलल्यासारखा येत होता. ते पत्ते पिसत ऐकत होते. शेगडीचं सांगून झालं तेव्हा म्हणाले, "बेंगळुरूला बागा नसत्यात का?"

"असतात की. पण तुम्हीच म्हणालात ना, कन्नडला जातो म्हणून?"

"म्हणलो," अप्पा म्हणाले. "तू चला म्हणली नाय. पोरीच्या घरी बापानं आपल्या तोंडानं कसं म्हणायचं, मला बी ने म्हणून?"

मी चला म्हटलं. रडू येत होतं म्हणून शब्द नीट उमटला नाही, तेव्हा मी पुन्हा म्हटलं.