एका चलानावरची हरकत

ती घटना आजही आठवते ती एका अर्जामुळे. असा नेटका अर्ज मी सगळ्या नोकरीत दुसरा पाहिला नाही.

तेव्हा मी हैदराबादमध्ये, नल्लकुंट्याच्या बाजूच्या एका ठाण्यात इन्स्पेक्टर होतो. सकाळी सहाच्या सुमारास रस्ता झाडणाऱ्या एका सफाई कामगार बाईला कुणीतरी धडक देऊन पळालं होतं. पाऊण तास ती कडेला पडून होती. दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. डॉक्टर म्हणाले, रक्त फार गेलं, लवकर आणली असती तर वाचली असती.

पलीकडच्या गल्लीत झाडणारी तिची सोबतीण जबाबात म्हणाली, "आवाज सुनी मैं साब. गाडी रुकी थी. फिर चले गई." कुणी कचरा टाकायला थांबलं असेल असं तिला वाटलं. सांगताना ती स्वतःच्या तोंडात मारून घेत होती.

गुन्हा दाखल केला. पंचनाम्यात फुटलेल्या दिव्याचे बारीक तुकडे मिळाले. त्या रस्त्यावरचा एकमेव कॅमेरा बंद होता. तीन आठवडे आम्ही पार्सलच्या व्हॅन आणि ऑटो तपासले, गॅरेजवाल्यांना हैराण केलं. हाती काही नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, हे नंतर कळलं.

एक दिवस वाहतूक शाखेतली एक हेड कॉन्स्टेबल बाई माझ्याकडे आली. आधी ती माझ्याच ठाण्यात होती. चलानांवरच्या हरकती आता तिच्याकडे होत्या. "सार, ये जरा देखो," म्हणत तिनं एक अर्ज आणि एक फोटो पुढे ठेवला.

विनाहेल्मेट स्कूटर चालवल्याचं किरकोळ चलान. लोक मुकाट्यानं भरतात किंवा वर्षानुवर्षं भरत नाहीत. या गृहस्थांनी मात्र दोन पानी हरकत घेतली होती, मुद्देसूद, परिच्छेदांना क्रमांक घालून. तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं की वाहनाचा पुढचा दिवा आदल्या दिवशीच पार्किंगमध्ये फुटल्यामुळे त्या सकाळी वाहन घराबाहेर काढलेलंच नव्हतं. चौकातल्या कॅमेऱ्याच्या फोटोत तीच स्कूटर रस्त्यावर होती. दिवा फुटलेला, चालवणारी एक तरुण मुलगी. तारीख आणि वेळ आमच्या गुन्ह्याची. चौक तिथून दोन मिनिटांवर.

मुलीला ठाण्यात बोलावण्याऐवजी हेड कॉन्स्टेबल बाईंना घेऊन मीच चिक्कडपल्लीला त्यांच्या घरी गेलो. अर्ज लिहिणारे गृहस्थ तिचे वडील, कोर्टातून निवृत्त झालेले पेशकार. तीस वर्षं न्यायाधीशांपुढे कागद ठेवलेला, नाकासमोर चालणारा माणूस. चलानाच्या हरकतीबद्दल आलोय म्हटलं, आणि छातीवरच्या पाटीवर मराठी आडनाव वाचून त्यांचा चेहरा खुलला.

"या साहेब, आपलेच निघालात! गाडी पोरीच्या नावावर, आणि तिची व्हिसाची मुलाखत पंधरा दिवसांवर आलीय. कन्सल्टन्सीवाला म्हणाला, नावावर काही म्हणता काही नको. दंड भरणं म्हणजे गुन्हा कबूल करणं, हे मला कुणी शिकवायला नको. म्हणून हरकत घेतली."

"गाडी त्या दिवशी बाहेर काढलीच नव्हती?"

"छे हो. ती तर मैत्रिणीच्या कारमधून देवळाला गेली होती. शहराबाहेरचं ते देऊळ, व्हिसासाठी अकरा प्रदक्षिणा घालतात ना, तिथं."

चलान मुलीच्या फोनवर आलं होतं; फोटो त्यांनी पाहिलेला नव्हता. तो मी टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा पुसून तो पाहिला, परत पुसला, परत पाहिला. हा माणूस खोटं बोलत नव्हता. मुलीनं जे सांगितलं त्याला त्यांनी मुद्द्यांची जोड दिली होती, एवढंच. मला त्यांची दया आली आणि ती मी लपवली, कारण चौकशीत दया दिसली की माणसं रडायला लागतात आणि बोलायचं राहून जातं.

मुलगी बाहेर आली. मी ओरडलो नाही. फक्त विचारलं, "थांबली होतीस ना?"

ती खाली बसली. मैत्रिणीची कार चौकापुढे उभी राहणार होती, तिथपर्यंत ती स्कूटरनं निघाली होती. उशीर झाला होता. वळणावर बाई दिसलीच नाही.

"ती बोलत होती, अंकल. पाणी दे म्हणाली. मी म्हटलं, आणते. आणि मग... मला काही सुचलंच नाही." ती वडिलांकडे वळली. "पप्पा, तुम्हीच रोज म्हणायचा ना, व्हिसा होईपर्यंत पोलिसांच्या नजरेत येऊ नको. कुठल्याच मॅटरमध्ये पडू नको."

"प्रदक्षिणा?" मी विचारलं.

"घातल्या," ती म्हणाली. "अकरा."

पेशकारांनी फोटो टेबलावर पालथा ठेवला. मग त्यांनी मला विचारलं, "ती तिथंच थांबून राहिली असती तर, साहेब?"

खोटं ऐकून त्यांना बरं वाटलं असतं. पण तो माणूस आयुष्यभर खरं-खोटं ऐकत आला होता. मी म्हणालो, "बाई वाचली असती बहुतेक. साधा अपघात ठरला असता, जामीन लगेच झाला असता. वर्षभर उशिरा का होईना, मुलगी कदाचित गेलीही असती. आणि हेल्मेटच्या दंडानं कुणाचा व्हिसा अडल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. फॉर्मवर विचारतात ते अटक आणि शिक्षेचं."

स्कूटर जप्त केली. तुकडे दिव्याशी जुळले. पासपोर्ट कोर्टात जमा झाला. मेलेल्या बाईच्या दोन मुली आजीसोबत ठाण्यात आल्या होत्या. धडक देणारी मुलगी सापडल्याचं सांगितलं तेव्हा आजीनं एवढंच विचारलं, "पढेली है?" मी हो म्हटलं. तिनं दोन्ही नातींचे हात धरले आणि ती जायला उठली, आणि मला खाली बघावं लागलं.

गुन्हेगार ओळखायला मी चोर-दरोडेखोरांकडून शिकलो. या प्रकरणानं मला शिकवलं की भित्री सज्जन माणसंही जीव घेतात, आणि ती आपल्यासारखीच दिसतात, आपल्यासारखीच बोलतात. "कुठल्याही भानगडीत पडू नको" हे वाक्य आपल्याकडे घरोघरी पोरांना सांगितलं जातं, आशीर्वाद दिल्यासारखं. परदेशी निघालेल्या माझ्या मुलालाही मी तेच सांगितलं होतं, वर्दी अंगावर असताना. तो गेला, तिकडे स्थिरावला, नावावर एक चलानसुद्धा नाही. इथं असताना त्यानं रस्त्यात कुणाला पडलेलं सोडलं होतं का, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही. फोन दर रविवारी येतो.