सालीसकट आलू

“सालीसकट? आन थे पाहुण्याले वाढाचे? बाईसाहेब, आमच्या गावात सालीचे आलू ढोरायले टाकते!”

मनकर्णा चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. उंबऱ्यात शोभाताई उभ्या होत्या, सिव्हिल लाइन्समधल्या कृष्णकांत वकिलांच्या पत्नी. जन्म पुण्याचा, तोरा विलायतेचा.

“क्लबात असेच करतात. उकडायचे, दाबून चपटे करायचे, मग कुरकुरीत भाजायचे. कोंबडीच्या बाजूला ठेवतात. गोरे साहेब एक वाजता येतील. बिघडलं तर उद्यापासून खानसामा ठेवीन.”

“ठेवा न. मले काय!”

तोंडानं म्हणाली खरी. नवरा मेल्यावर दिरानं काटोलकडच्या घरातून हाकललं, तेव्हापासून नऊ वर्षं ही चूल तिची. चूल गेली की बाईच्या वाट्याला मोरीच येते, हे तिनं शेजारच्या बंगल्यात पाहिलं होतं.

बाकी या घराची तिला किंमत नव्हती. वकीलसाहेब काट्यानं वरणभात खात, निम्मं वरण टायवर. शोभाताई झुणका चोरून खात आणि मग बोटांना वास राहू नये म्हणून दोनदा साबण लावत. असल्या माणसांनी तिला जेवण शिकवायचं!

शोभाताईंची पाठ वळताच तिनं आलू उकडले आणि सगळे सोलून टाकले. गोरा असला म्हणून काय झालं, उंबरा चढून आलेल्याला साल वाढणं तिच्या हातून होईना. मग कांदा फोडावा तशी एकेकावर बुक्की मारली. झाला लगदा. तव्यावर टाकला तर अर्धा चिकटला, अर्धा करपला.

“सोललेस?” शोभाताई दारातूनच ओरडल्या. “अडाणी ते अडाणीच! पाठवू का माणूस क्लबातल्या खानसाम्याकडे?”

“टोपलीत आलू हायेत अजून. जा तुमी, साडी नेसा. इथी उभं राहून काय होऊन राह्यलं?”

राग मुख्य म्हणजे स्वतःचाच आला होता. दुसऱ्या खेपेला तिनं साल ठेवली. उकडलेले आलू सुपात पसरले, वाफ जाऊ दिली. बुक्की नाही, पाण्याच्या पितळी गडव्याच्या बुडानं हलकेच दाबले. साल फाटली, पण आलू धरून राहिला. जाड तव्यात जवसाचं तेल, मीठ, ठेचलेला लसूण. वर झाकण, झाकणावर निखारे. कडा तांबूस होऊन तडतडल्या तेव्हा तिनं एक तोंडात टाकला. गावातली ढोरं मजेत होती म्हणायची.

साहेबानं नऊ खाल्ले. काटा बाजूला ठेवून हातानं.

“किसने बनाया?” त्यानं विचारलं. मनकर्णानं दाराआडून कान दिला.

“हमारे खानसामे ने,” शोभाताई म्हणाल्या. वकीलसाहेबांनी मान डोलावली.

साहेबाची गाडी फाटकाबाहेर पडली तशा शोभाताई आत आल्या, एकदम मऊ होऊन. “मनकर्णाबाई, आता दर रविवारी करायचे हं. साहेब पुन्हा येणार आहेत.”

“करीन न. पन त्यानं खानसाम्याले बलावलं तं मी मिशा लावून येऊ काय वं बाईसाहेब?”

शोभाताईंचा चेहरा पडला.

“रविवारी माहं नाव सांगजा. नाई तं तुमचे आलू तुमीच दाबा.”

शोभाताईंनी एकदा फाटकाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “सांगीन.”

मनकर्णानं तोवर सूप झटकलं होतं. संध्याकाळच्या भाकरीची ज्वारी त्यात ओतली आणि ती खडे वेचू लागली.