लेंग्यावरचं होल्स्टर

आमच्या घराला चौकट आहे, दार नाही. शिंगणापुरातली जुनी रीत आहे ती. दिवसा पडदा असतो, आणि रात्री कुत्री आत शिरू नयेत म्हणून एक फळी आडवी लावतो. सासूबाई या घरात नांदायला आल्यापासून त्यांनी कशालाही कुलूप लावलेलं नव्हतं. राखण देव करतो, आपण कुलूप लावलं म्हणजे त्याच्यावर भरवसा नाही असं झालं, हे त्यांचं म्हणणं. लग्नात मी माहेरची ट्रंक घेऊन आले, तेव्हा तिचं कुलूप काढून त्यांनी माझ्या वडिलांच्या हातात परत दिलं होतं. रागानं नव्हे, हसत. पण दिलं.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे गेल्या एप्रिलात पुण्याहून आलेला लेकीचा फोन.

"आई, बाबांचं ते कुठं ठेवलंय?"

'ते' म्हणजे रिव्हॉल्वर. आमचे हे फौजेतून निवृत्त झाल्यावर नगरला रोकड नेणाऱ्या एका गाडीवर राखणदार होते. तेव्हा परवाना काढून यांनी ते घेतलं. नगरच्या घरी ते लोखंडी कपाटात, कुलपात असायचं आणि किल्ली यांच्या करदोट्याला. मग यांचीही नोकरी संपली, माझीही शाळा संपली, सासूबाईंना एकटं ठेववेना, म्हणून आम्ही गावी राहायला आलो. कपाट आलं, रिव्हॉल्वर आलं. किल्ली मात्र सासूबाईंनी पहिल्याच दिवशी मागून घेतली आणि देव्हाऱ्यात शाळिग्रामाशेजारी ठेवून दिली. तेव्हापासून तिलाही रोज हळदकुंकू मिळत होतं.

"कपाटात आहे," मी म्हणाले.

"कुलूप?"

"किल्ली देव्हाऱ्यात आहे," मी म्हणाले. शिक्षिकेची लेक ती, प्रश्नाला बगल दिलेली तिला लगेच कळते.

"मग मी पोरीला घेऊन येत नाही," ती म्हणाली. "चार वर्षांची झालीय. दिसेल तो डबा तिला उघडून बघायचा असतो. गोळ्या वेगळ्या ठेवता, माहितीये मला. पण गोळ्याही डब्यातच ना?"

तिचं काहीच चुकत नव्हतं, म्हणून तर मला जास्त राग आला. नात वर्षातून एकदा, मे महिन्यात तीन आठवडे येते. त्या तीन आठवड्यांवर मी उरलेलं वर्ष काढते, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. तिच्यासाठी केलेल्या शेवया गच्चीवर वाळत होत्या. मी वर जाऊन त्या उगीचच उलट्यासुलट्या केल्या आणि खाली येऊन यांना सांगितलं, ते विकून टाका.

हे पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "बिबट्या आला तर?"

उसात बिबट्या येतो हे खरं. पण एवढ्याशा रिव्हॉल्वरनं बिबट्याला फार तर गुदगुल्या होतील, हे यांनाही ठाऊक होतं. खरं कारण वेगळं होतं. फौजेनं पेन्शन दिली, पण गावात मान दिला तो रिव्हॉल्वरनं, असा यांचा ठाम समज. लग्नाच्या पंगतीत कुणी "फौजी, पुढं या" म्हटलं की यांचा हात आपसूक कमरेकडे जायचा. निवडणूक लागली की सगळ्या परवानेवाल्यांना हत्यारं ठाण्यात जमा करावी लागतात. तेवढे दिवस आमच्या घरात सुतक असायचं.

"विकायचं नाही," हे म्हणाले, "आणि आईला कुलूप लावू द्यायचं नाही. मग एकच उपाय. मी अंगावर ठेवतो. उठल्यापासून झोपेपर्यंत."

"आणि झोपल्यावर?"

"झोपल्यावरही."

अशी आमची घरात घालायच्या होल्स्टरची, म्हणजे रिव्हॉल्वर अंगावर बाळगायच्या म्यानाची, शोधाशोध सुरू झाली.

नगरला फौजी सामानाचं एक दुकान आहे. बूट, पट्टे, ट्रंका, मच्छरदाण्या, सगळं मिळतं. दुकानदारानं चार-पाच होल्स्टरं काउंटरवर मांडली आणि विचारलं, "ड्यूटी कुठंय साहेबांची?"

"घरी," हे म्हणाले.

दुकानदारानं एकदा यांच्याकडे पाहिलं आणि मग बराच वेळ माझ्याकडे. त्याच्या डोळ्यांत माझ्याविषयी जे काही उभं राहिलं, ते पुसायला मी काहीच केलं नाही. तेवढाच गावाबाहेर आपला दरारा.

यांच्या अटी कडक होत्या. चाप पूर्ण झाकला गेला पाहिजे, म्हणजे बाहेरून दाबला तरी हलता कामा नये. वाकलं, उडी मारली, तरी हत्यार निसटायला नको. दुसऱ्या कुणाच्या हाताला झाकण सहज उघडता येऊ नये. मी एक अट माझी घातली, की ते लावून मांडी घालता आली पाहिजे, कारण आमच्याकडे अजून पाटावर जेवतात. शेवटी जाड कॅनव्हासचं, झाकणाला दणकट बटण असलेलं एक पसंत केलं.

घरी आल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. होल्स्टर पट्ट्यात अडकवायचं असतं आणि हे घरात लेंगा घालतात. लेंग्याला पट्टा नसतो, नाडी असते. तरी यांनी लेंग्यावरच पट्टा आवळला. चार पावलं गेले आणि नाकापेक्षा मोती जड झाला. एका हातानं लेंगा आणि दुसऱ्या हातानं रिव्हॉल्वर सावरत हे अंगणात उभे, आणि सासूबाई तुळशीला पाणी घालता घालता म्हणाल्या, "आरं, आधी लाज राख. घर देव राखंल."

हे प्रकरण जावयाच्या कानावर गेलं. त्यानं पुण्यात बसून उंटावरून शेळ्या हाकल्या आणि कुरिअरनं खांद्यावरून घालायचं होल्स्टर पाठवलं. दोन्ही खांद्यांवरून पट्टे, पाठीवर फुली आणि डाव्या काखेत रिव्हॉल्वर. बनियनवर ते चढवून हे आरशासमोर उभे राहिले तेव्हा मला हसू आवरेना. बैलाला साज चढवला आणि गाडी जोडायची राहिली, असं दिसत होतं. उन्हाळ्याचे दिवस, संध्याकाळपर्यंत पट्ट्यांखाली घामोळ्या उठल्या. जेवताना भाकरी मोडायला डावा हात पुढं आला की काखेतलं लोढणं ताटाकडे झुकायचं. सासूबाईंना अंधूक दिसतं. त्या दोन दिवस यांच्या काखेकडे बघत होत्या. तिसऱ्या दिवशी न राहवून मला म्हणाल्या, "त्याला काखमांजरीचं गळू झालंय का? तू बोलली न्हाईस ती."

मग मात्र मी सूत्रं हातात घेतली. तयार कपडा बसत नसला की बाई काय करते? माप देऊन शिवून घेते. शेवगावच्या बाजारात एक जुना कारागीर आहे, बैलांच्या घुंगरांचे पट्टे आणि चपला करतो. रिव्हॉल्वर बाजारात नेणं बरं दिसलं नसतं, म्हणून मी ते रिकामं असल्याची यांच्याकडून खात्री करून घेतली, जुन्या पेपरवर ठेवलं आणि पेन्सिल फिरवून आकार काढला. गावातल्या सुतारानं त्यावरून लाकडाची हुबेहूब आकृती करून दिली. ती पिशवीत घालून, वर कोथिंबिरीची जुडी ठेवून मी शेवगावला गेले.

कारागिरानं आकृती उलटसुलट करून पाहिली. "ताई, ह्ये घालनार कोन?"

"मालक. लेंग्यावर."

त्यानं पुढं एक शब्द विचारला नाही. धंद्यात मुरलेला माणूस. त्यानं चामडं भिजवून लाकडावर ओढून बसवलं आणि आठ दिवसांनी जे हातात दिलं ते बघून मला माझाच अभिमान वाटला. चाप झाकलेला, वरून अंगठ्यानं सोडायची वादी, आणि मागं रुंद चामडी कमरबंद, म्हणजे लेंग्याच्या नाडीवर भारच नाही. मांडी घालून बघितली, वाकून बघितलं, यांनी अंगणात दोरीवरच्या उड्यासुद्धा मारून दाखवल्या. मी लेकीला फोन करून सांगितलं की झालं, ये आता. ती बराच वेळ प्रश्न विचारत राहिली आणि शेवटी "बरं" म्हणाली. रविवारची तिकिटं काढली.

सासूबाईंची एकच अडचण होती. चामडं. "ती खोळ घालून देवापाशी यायचं न्हाई," त्यांनी बजावलं. हे कबूल झाले.

आणि शनिवार आला. दर शनिवारी सकाळी आम्ही दोघं स्कूटरवरून देवाला तेल घालायला जातो. यांनी नेहमीच्या तेलवाल्या म्हातारीच्या दुकानाशी चपला काढल्या. मग चामडं देवापुढं नको म्हणून कमरबंद काढला, होल्स्टरसकट गुंडाळून चपलांशेजारी ठेवला, आणि आम्ही दर्शनाला गेलो. मी शेजारी उभी होते. मला त्यात काहीसुद्धा वावगं वाटलं नाही. नगरला बाहेर पडताना कुलूप तीनदा ओढून बघणारी आम्ही माणसं, पण इथं दोन वर्षांत हात गावाचा झाला होता. इथं कुणी कुणाचं उचलत नाही. यांनी येताना चपला घातल्या, कुणीतरी भेटलं, बोलत बोलत स्कूटर काढली, आणि आम्ही घरी येऊन चहासुद्धा टाकला.

चहाचा पहिला घोट घेताना यांचा हात कमरेकडे गेला आणि तिथंच राहिला.

त्यानंतर ज्या वेगानं यांनी स्कूटर चालवली तो मी पुन्हा आठवू इच्छित नाही. म्हातारी दुकानात शांत बसली होती. तिच्याशेजारी एक वेताची पाटी पालथी घातलेली, तिच्यावर तेलाच्या बाटल्या.

"फौजी, तुमचं जिन्नस हाय हितं," ती म्हणाली. "चोरीचं भ्या न्हाई वो. पर एक पोरगी आलती आईसंगं, एवढीशी. वादी सोडत हुती. म्हनून म्या वरून पाटी घातली."

रिव्हॉल्वर रिकामं होतं. गोळ्या यांच्या खिशात होत्या. हे मी आजही स्वतःला सांगते. पण त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर ती परकी पोरगी नव्हती. मी रस्त्यातच यांना बोलायला सुरुवात केली, ती घरी पोचल्यावरही थांबले नाही. तीस वर्षं वर्गात कमावलेला आवाज त्या दिवशी सगळा वापरला. होल्स्टर माझंच होतं, मीच माप दिलं होतं, मीच फोन करून लेकीला बोलावलं होतं, म्हणून राग निम्मा माझ्यावरच होता.  हे भिंतीला टेकून बसले आणि हातातल्या वादीची गाठ सोडत आणि बांधत राहिले. मला त्यांची कीव आली, पण मी ती दाखवली नाही.

सासूबाई सगळं ऐकत होत्या. मग त्या उठल्या, देव्हाऱ्यापाशी गेल्या, आणि हळदकुंकवानं माखलेली कपाटाची किल्ली पदरानं पुसत यांच्यापुढं आल्या.

"घे. लाव कुलूप."

हे वादी सोडून उठले.

"चोराला देव बघतो," त्या म्हणाल्या. "लेकराला आडवायचं काम त्याचं न्हाई, आपलं हाय. घे म्हनते ना."

 उभ्या आयुष्यात पहिल्यांदा त्या कुलूप लाव म्हणत होत्या आणि ते पणतीसाठी. मला रडू आलं, आणि ते मी आवरलं नाही.

यांनी किल्ली घेतली नाही. आईचा हात धरून तिला देव्हाऱ्यापाशी नेलं आणि किल्ली जिथली तिथं ठेवायला लावली. "तुझ्या घरात कुलूप नको, आई," एवढंच म्हणाले. मग फुलपँट चढवली, परवान्याचं पुस्तक घेतलं, होल्स्टर कमरेला बांधलं आणि स्कूटर काढली. कुठं चाललात हे विचारायची मला हिंमत झाली नाही. तासाभरानं परत आले. होल्स्टर कमरेलाच होतं. वादी बांधलेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी लेक आली. चौकटीबाहेरच उभी राहिली, पोर कडेवर. पोर आत झेपावत होती आणि लेक तिला घट्ट धरून होती. तिची नजर सरळ यांच्या लेंग्यावर गेली, तिथं शेवगावचं होल्स्टर.

"बाबा, हे घालून?"

हे पुढं गेले. अंगठ्यानं वादी सोडली, आत दोन बोटं घातली आणि घडी केलेला एक कागद काढून तिच्या हातात दिला. पोलीस ठाण्यात हत्यार जमा केल्याची पावती होती. लेकीनं ती वाचली, उलटून मागची बाजू बघितली, पुन्हा पुढची वाचली.

"किती दिवसांसाठी?"

"तुझी पोर इथं येत राहील तोवर," हे म्हणाले.

"ती दरवर्षी येणार आहे."

"मग तसंच."

लेकीनं पावती घडी करून परत होल्स्टरात घातली, वादी स्वतःच्या हातानं बांधली, आणि पोरीला खाली सोडलं.