मामाच्या भिंतीवरची चाकं

साऱ्या नवी मुंबईत भिंतीचा फक्त गुडघ्याखालचा भाग सजवणारा एकच माणूस होता, आणि तो माझा सख्खा मामा होता. सानपाड्याचं आमचं शेत गेल्यावर तो तळोज्याच्या एका कारखान्यात वजनकाट्यावर लागला. दिवसभर ट्रक बघायचे आणि ड्रायव्हरांना चहा पाजून टायरची कॅलेंडरं, सायकलींची पोस्टरं मिळवायची. चित्रात चाक असलं की झालं. टायरला टेकून एखादी बाई उभी असली तर मामी कात्री घेऊन यायची. मामाची हरकत नसे. "टायर वाचव म्हंजे झाला," एवढंच म्हणायचा.

खरी गंमत चित्रं लावण्यात होती. चाक जमिनीला टेकलंच पाहिजे, हा त्याचा कायदा. "हवंत फिरनारा चाक काय कामाचा?" म्हणत तो प्रत्येक चित्र फरशीलगत खळीने चिकटवायचा. वरची भिंत कोरी. आलेल्या पाहुण्याला चहा नंतर, आधी उकिडवं बसवून प्रदर्शन. मामी केर काढताना ओरडायची, "अवो, झाडू मारू का ट्राफिक थांबवू?"

एकदा कुणीतरी दगडी रथाच्या चाकाचं मोठं चित्र दिलं. मामी म्हणाली, "देवाचा रथ हाय, वर लावा."

"देवाचा झाला तरी भुईवरनंच चालतो ना?"

विमानाच्या चित्राने मात्र त्याला दोन दिवस छळलं. शेवटी चष्मा लावून नीट बघितलं आणि म्हणाला, "चाकं भायेर काढल्यान. म्हंजे उतरतंय." विमान फरशीपासून वीतभर वर लागलं. दसऱ्याला सगळ्या चाकांना झेंडूचं एकेक फूल, विमानालाही.

मी बी.कॉम. झालो. आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट. हे मी आजही कुणी न विचारता सांगतो. काळ्या गाऊनमधला फोटो काढला, फ्रेम केला आणि सगळ्यात आधी मामाकडे नेला. त्याने तो लावावा ही फार इच्छा. पण वाटेत त्याचा कायदा आठवला. माझी पदवी काय ट्रकच्या टायरांमध्ये, केरसुणीच्या तोंडाशी लागणार?

"मामा, जरा वर लाव हां," मी चाचरत म्हणालो.

"गप. तुजी जागा मना म्हाईत हाय."

तो भिंतीला पाठ लावून ताठ उभा राहिला आणि मामीकडून खांद्यापाशी पेन्सिलची खूण करून घेतली. मग स्टुलावर चढून, त्या खुणेच्या वर विती मोजत मोजत, पार छताजवळ खिळा ठोकला.

"येवड्या वर? दिसनार कुनाला?" मामी म्हणाली.

"अगं, गावाला रस्ता कुटं व्हता? बांधावरच्या चिखलातनं माज्या खांद्यावर बसून साळंत जायचा ह्यो. तवा ह्याचा डोका हितं यायचा."

मामा आता नाही. चाकं ओलीने सुटून गेली, घराला दोनदा रंग झाला. फोटो तिथेच आहे. बघायला मान पार मागे टाकावी लागते. त्याच्या खाली एका माणसाएवढी भिंत रिकामी आहे. तिथे मामी कुणाला काही लावू देत नाही.