आडवी बाटली आणि मुऱ्हाळी

अंदाजपत्रकाच्या सभेत नगरसेविका म्हणून मी एकच प्रश्न विचारला होता. कन्याशाळेच्या वाटेवरचा नगरपरिषदेचा गाळा देशी दारूच्या दुकानाला भाड्याने का द्यायचा? नगराध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"वहिनी, त्याच भाड्यातनं तुमच्या प्रभागाचं गटार झाकायचं ठरलंय. दुकान गेलं की गटारबी गेलं. काय पायजे ते सांगा."

"दुकान घालवा. गटाराचं मी बघते."

"मग कायद्यानं मतदान मागा. बायकांनी बाटली आडवी केली तर आमची ना न्हाई."

तेवढ्यात मागून एक सदस्य म्हणाले, "पर आधी घरातली आडवी करा की!" आणि सगळी सभा हसली. आमचे हे सुभेदार म्हणून निवृत्त झाले. मिलिटरी कँटीनमधून महिन्याला रमचा कोटा येतो, हे गावाला ठाऊक आहे. निम्मं गाव 'गुडघ्याला चोळायला' म्हणून त्यातली थोडी मागून नेतं, ते मात्र कुणी बोलत नाही. माझा स्वभाव तापट. पण त्या दिवशी मी कागद गोळा करून बाहेर पडले. वड्याचं तेल वांग्यावर म्हणतात तसं घरी येऊन ह्यांच्यावर तोंडसुख घेतलं. हे म्हणाले, "माझी बाटली रस्त्यात पडून लोळत न्हाई." त्यानंतर आम्ही एकमेकांशी बोलणंच टाकलं.

एवढं पेटायला कारण होतं. आमच्या शेजारी कपडे शिवणारी एक बाई राहते. तिची मुलगी नववीत होती. दुकानापुढून जाताना काय काय ऐकावं लागतं, ते पोरीने एकदा आईला सांगितलं. आईने दप्तर उचललं आणि माळ्यावर टाकलं. मी समजवायला गेले तर मशीन न थांबवता म्हणाली, "दुकान हाय तवर पोर घरात." मी शब्द दिला की दुकान मी हलवीन, मग तू तिला शाळेत पाठवायचीस. ती "व्हय" म्हणाली, पण तिचा विश्वास नव्हता, हे मला दिसत होतं.

प्रभागातल्या चौथाई बायकांच्या सह्या जमवता जमवता चपला झिजल्या. सह्यांची तपासणी झाली, मतदानाचा दिवस ठरला. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद करा. खरी मेख पुढेच होती. मतदानाला आलेल्यांतल्या निम्म्या चालत नाहीत, यादीतल्या एकूण बायकांच्या निम्म्याहून जास्त आडवीकडे लागतात. जी आली नाही ती जणू उभ्या बाटलीकडूनच.

घरापुढच्या ओट्यावर बसून आम्ही बायकांनी यादी वाचायला घेतली. वारलेल्या सासवा यादीत होत्या, त्यांचं काही करता येत नव्हतं. पण त्याहून जास्त होत्या लग्न होऊन गेलेल्या लेकी. आमच्याकडे लेक देतात, पण मतदार यादीतलं तिचं नाव काढत नाहीत. "नाव काढलं म्हंजे पोरगी पार तुटली की वो," एक म्हातारी म्हणाली. मी तिला झापणार होते, पण बोट खाली सरकलं आणि माझ्या नावाखाली माझ्याच लेकीचं नाव दिसलं. तिला शिरवळला देऊन चार वर्षं झाली होती. नावं दुरुस्त करा म्हणून मी प्रभागात शिबिरं घेतलेली. लोका सांगे ब्रह्मज्ञान! अर्ज कपाटात पडून होता. भरायला हात उठला नव्हता, हे खरं.

म्हणजे लेकींना आणायला हवं. फोन केले. सासरची माणसं नाही म्हणाली नाहीत. फक्त विचारत होती, "न्यायला कोन येतंय?" बरोबरच होतं त्यांचं. सासरवाशीण नुसत्या फोनवर येत नाही. तिला न्यायला माहेरचा मुऱ्हाळी जावा लागतो, त्याने चहा घ्यावा, सासूशी दोन शब्द बोलावेत, मग लेक निघते. पण कुणाचा भाऊ सरहद्दीवर, कुणाचा पुण्याला, आणि जे गावात होते त्यातले काही त्याच दुकानात बसलेले.

हे कोपऱ्यात बुटाला पॉलिश करत ऐकत होते. भांडणानंतर पहिल्यांदाच माझ्याशी बोलले.

"यादी आन हिकडं. मी जातो मुऱ्हाळी."

"तुमी?"

"मग काय! गावानं मला बाटलीवाला ठरवलाय न्हवं? मी कुनाला मत सांगनार न्हाई. आनायचं काम माझं. रोलकॉलला एक बी गैरहजर राहनार न्हाई."

मला हसू आलं आणि रडूही आलं.

मतदानाच्या आदल्या दोन दिवसांत आमच्या जुन्या व्हॅनने उंब्रज, मलकापूर आणि मधली सगळी वाडी-वस्ती पालथी घातली. प्रत्येक घरी ह्यांनी चहा घेतला, रक्तातली साखर वाढली तरी घेतला, आणि प्रत्येक सासूला एकच वाक्य सांगितलं, "मतदान झालं की आनून सोडतो." राहिली आमचीच. ती कंपनीत नोकरीला आणि रजा मिळत नव्हती. मतदानाच्या दिवशी हे सकाळीच शिरवळला गेले आणि शिफ्ट सुटेपर्यंत गेटवर उभे राहिले.

पाचला मतदान संपणार होतं. मी केंद्रापासून लांब, लिंबाखाली उभी. जीव टांगणीला लागलेला. वीस मिनिटं उरली असताना व्हॅन आली. लेक कंपनीच्या गणवेशातच उतरली, माझ्याकडे न बघता आत पळाली. माझ्या डोळ्यांना धार लागली आणि मी ती पुसलीही नाही.

निम्म्याच्या वर नऊ मतं पडली. फक्त नऊ. ह्यांनी व्हॅनमधून आणलेल्या लेकी त्याहून जास्त होत्या. दुकानाचं शटर खाली आलं. नगराध्यक्षही शब्दाचे पक्के, त्यांनी पुढच्या अंदाजपत्रकातून आमचं गटार काढून टाकलं. ते अजून उघडं आहे आणि दर सभेत पहिला प्रश्न माझाच असतो.

शाळा सुरू झाली त्या सकाळी मी कोपऱ्यावर उभी राहिले. शेजारणीची पोर आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मी तिच्या घरात शिरले. आई म्हणाली, "आवं ताई, मी जा म्हनती. तीच जाईना. वरीस बुडालं, आता बारक्या पोरींत बसायची लाज वाटती तिला." मला इतका राग आला! सगळ्या मुलखाच्या लेकी गोळा केल्या आणि जिच्यासाठी केल्या ती उंबरा ओलांडत नाही. घरी येऊन मी भांडी आपटली.

ह्यांनी कारण विचारलं, ऐकून घेतलं. धुतलेला शर्ट घातला, पॉलिश केलेले बूट चढवले आणि शेजारी गेले. मी मागोमाग. खुर्चीवर ताठ बसून त्यांनी चहा मागितला. लेकीच्या सासरी बसावं तसे बसले, कप पूर्ण रिकामा केला. मग आतल्या खोलीकडे बघून म्हणाले, "बाळ, मुऱ्हाळी आलाय. आवर."

मग आईने मशीन थांबवली, स्टुलावर चढून माळ्यावरचं दप्तर काढलं आणि पदराने झटकलं. पोर गणवेश घालून बाहेर आली. गणवेश आखूड झाला होता.

हे पुढे, ती मागे. बंद शटरपुढून दोघं गेली. गटाराशी हे थांबले आणि त्यांनी हात पुढे केला. तिने तो धरला नाही. दप्तर सावरलं आणि उडी मारली.