बिनघंटीचं घर

माझा दादा बोलू शकत होता तेव्हाही फार गोड बोलायचा अशातला भाग नव्हता. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. अर्धं आयुष्य इमारतींच्या पोटात, ग्रीसने बरबटलेल्या हातांनी, मध्येच अडकलेल्या लोकांवर खेकसण्यात गेलं. "बटणं कशाला दाबताय? दाबून दाबून काय ती उडणार आहे?" हे त्याचं ठरलेलं वाक्य. आत अडकलेले लोक त्याच्यावर इतके चिडायचे की घाबरायचं विसरून जायचे. ही माझी कामाची पद्धत आहे, असं तो म्हणायचा. हा तुझा स्वभाव आहे, असं मी म्हणायचे.

मग त्याच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी गाठीबरोबर आवाजाची पेटीही काढली आणि गळ्याच्या खालच्या बाजूला श्वासासाठी एक भोक ठेवलं. त्यात छोटी नळी. बोलणं संपलं. वहिनीने लहान मुलांची लिहून पुसायची पाटी आणून दिली. स्वभाव मात्र डॉक्टरांना काढता आला नाही. पाटीवरही तो अंगावर यायचा, मोठ्या अक्षरात लिहायचा आणि पटलं नाही तर खाली रेघ ओढायचा.

बाहेरच्या जगाशी त्याच्या वतीने वहिनी बोलायची. डॉक्टरांची वेळ घ्यायची असो की बँकेत भांडायचं असो, फोन तिच्या कानाला आणि पाटी दादाच्या हातात. "ते म्हणताहेत की..." इथून तिचं प्रत्येक वाक्य सुरू व्हायचं. त्यातल्या शिव्या ती गाळायची हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. हळूहळू लोक दादा समोर असतानाही वहिनीलाच विचारू लागले, "त्यांना पंखा लावू का?" अशा वेळी दादाचा चेहरा बघवत नसे.

त्याला तारलं ते फोनवरच्या एका गटाने. एका बड्या कंपनीचं ते भलंमोठं अ‍ॅप, ज्यावर जगातली निम्मी माणसं दिवसभर स्वतःचे फोटो टाकत बसतात, त्याच्या एका कोपऱ्यात गळ्याला भोक पडलेल्यांचा गट होता. लिहिणं हेच तिथे बोलणं, त्यामुळे कुणी मुका नव्हता. दादा तिथे पुन्हा पूर्वीसारखा खेकसायला लागला. नव्याने ऑपरेशन झालेला कुणी रडत आला की दादा आधी त्याला झापायचा आणि मग नळी कशी काढायची, कशी धुवायची, ते स्वतःच्या गळ्याचे फोटो टाकून समजावायचा. लोकांना ते झापणंही हवंसं वाटायचं. इतर सगळे त्यांच्याशी काचेच्या भांड्यासारखे वागत असत.

मग कंपनीने ते फोटो काढून टाकले. कारण दिलं, भीतीदायक दृश्य. दादाने तक्रार लिहिली आणि बोट उचलायच्या आत उत्तर आलं की आम्ही तुमचं म्हणणं काळजीपूर्वक तपासलं आहे. त्याने पुन्हा फोटो टाकले, त्यांनी पुन्हा काढले. त्याच जागी, त्याच गटात, गेलेला आवाज परत आणणाऱ्या औषधाची जाहिरात मात्र खुशाल झळकत होती. ती कुणाला भीतीदायक वाटली नाही. गटातल्या एका ड्रायव्हरने ते औषध घेतलं, तपासण्या सोडल्या आणि जीव धोक्यात आणला. दादाने कंपनीला जे लिहिलं ते मी इथे देत नाही. त्याचं खातं बंद झालं.

दादा गप्प बसणारा नव्हता. त्याचा जुना जोडीदार, ज्याला सगळे वायरमन म्हणतात, निवृत्तीनंतर कॉम्प्युटरच्या नादी लागला होता. त्याने दादाला सांगितलं की असे छोटे गट गावोगाव आहेत, प्रत्येकाचं यंत्र आपापल्या घरी असतं आणि तरी एका घरचं लिहिलेलं दुसऱ्या घरी वाचता येतं. मालक कुणी नाही, जाहिरात नाही. वायरमनने एक डब्याएवढं यंत्र आणून दादाच्या बाहेरच्या खोलीत चपलांच्या कपाटावर बसवलं. त्यावर हिरवा दिवा लुकलुकायचा. दादा रोज ते फडक्याने पुसायचा. लग्नानंतर त्याने घरातली दुसरी कुठलीही वस्तू पुसल्याचं वहिनीला आठवत नव्हतं.

जुन्या गटातले फार थोडे तिथे आले. बाकीच्यांनी "छान, छान" म्हटलं आणि जिथे होते तिथेच राहिले. पण जे आले ते मनापासून आले. त्यांत एक निवृत्त शिक्षिका होत्या, आम्ही सगळे त्यांना बाई म्हणायचो. एकट्या राहायच्या. इतक्या सभ्य, की दादा कुणाला झापून गेला की मागून येऊन लिहायच्या, "त्यांना असं म्हणायचं आहे की काळजी घ्या."

एकदा त्यातले जवळपासचे लोक दादाकडे जमले. मी पाणी घेऊन बाहेरच्या खोलीत गेले तर खोली माणसांनी भरलेली आणि आवाज नुसता श्वासांचा. सगळे पाट्यांवर लिहीत होते, एकमेकांची पाटी ओढत होते. बाईंनी काहीतरी लिहिलं आणि सगळ्यांचे खांदे गदगदा हलायला लागले. हसत होते. दादाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी आत जाऊन वहिनीसमोर रडले, आनंदानेच.

या नव्या गटाला ते घर म्हणायचे. त्याच दिवशी त्यांनी घराचे नियम ठरवले. जाहिरात नाही, कुणाची माहिती कुणाला विकायची नाही, आणि घंटी नाही. हा शेवटचा नियम दादाचा. कंपनीचं अ‍ॅप कुणी कुठे शिंकलं तरी खिशात वाजायचं. त्याआधी नोकरीत वेळीअवेळी फोन वाजायचा आणि ताटावरून उठून पळावं लागायचं. "आयुष्यभर घंटीमागे धावलो," त्याने पाटीवर लिहिलं, "आता माणूस आपल्या मनाने येईल, वाचेल, जाईल." सगळ्यांनी माना डोलावल्या. बाईंनी लिहिलं, "शाळेची घंटा सुटल्यापासून मलाही घंटा नको."

वहिनी दारात उभी होती. ती म्हणाली, "अहो, पण कुणाला अचानक काही झालं तर?"

"दवाखान्याला फोन करायचा," दादाने लिहिलं.

"कोण करणार?"

"घरचे." आणि खाली रेघ.

वहिनी आत निघून गेली. एकट्या राहणाऱ्या बाईंनीही यावर पाटी उचलली नाही. बहुधा इतक्या छान बैठकीत आपलंच रडगाणं कशाला, असं त्यांना वाटलं असेल. ज्याच्या शेजारी बायको फोन कानाला लावून उभी असते, त्याच्या ध्यानात येत नाही की दुसऱ्या कुणाच्या शेजारी कुणीच नसेल. आवाज दादाचा गेला होता, पण वहिनीच्या रूपाने एक आवाज त्याच्या घरात होता. आणि हाच माणूस लिफ्ट दुरुस्त करायला गेला की आधी आतला अलार्म वाजतो का ते बघायचा. दोर, मोटर, सगळं नंतर.

वर्षभर ते घर झकास चाललं. दादा सकाळी एकदा आणि दिवे लागायच्या सुमारास एकदा वाचायचा. मधल्या वेळात फोन आतल्या टेबलावर पडलेला असे. लोकांना अभिमानाने सांगायचा की मी सुटलो.

एका दुपारी दादा बाहेरच्या खोलीत बसून शेजाऱ्यांचा टेबलफॅन उघडत होता. मी समोर भाजी निवडत होते. वहिनी आत पडली होती. अगदी साधी दुपार. कपाटावरचा हिरवा दिवा लुकलुकत होता, तो तसा नेहमीच लुकलुकायचा. संध्याकाळी दादाने हात धुतले, चष्मा लावला, फोन घेतला आणि पुढच्याच क्षणी खुर्ची पाडून वहिनीकडे धावला.

बाईंनी दुपारी लिहिलं होतं, "कुणी आहे का? नळीत कफ सुकून अडकलाय असं वाटतं. घाई नाही." मग थोड्या वेळाने, "शेजारी घरी नाहीत, मी बघून आले. कुणाच्या घरचे दवाखान्याला फोन करू शकतील का? पत्ता खाली देते." पत्ता नीट लिहिला होता, पिनकोडसह. त्यानंतर फक्त, "त्रास देते आहे, माफ करा."

वहिनीने फोन केला. दवाखान्याची माणसं गेली, दार तोडलं. बाई दाराशीच पडलेल्या होत्या. जीव जाऊन बराच वेळ झाला होता.

त्यानंतर गटातल्या सगळ्यांनी दादाला लिहिलं की यात तुमचा दोष नाही, नियम सगळ्यांनी मिळून केला होता. वायरमनने येऊन घंटी सुरू केली. काही जण निमूट कंपनीकडे परत गेले, त्यांना तरी काय बोलणार? आता दादाचा फोन दिवसभर वाजतो. कुणी "सुप्रभात" लिहिलं तरी तो दचकून उठतो, बघतो, बसतो. वहिनी त्याला एका अक्षराने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, निदान त्याला भांडता आलं असतं.

महिना उलटला असेल. बाईंची भाची आली. नोकरी करणारी, दूरच्या शहरातली, बाईंचं घर रिकामं करायला आलेली. कंपनीच्या दारात असं कुणाला जाता येत नाही. तिथे दारच नसतं, तपासलं आहे म्हणणारं यंत्र असतं. आमच्या घराला दार होतं आणि ती त्यातून आत आली. मावशीने शेवटी काय लिहिलं ते बघायचं आहे, एवढंच म्हणाली. वायरमनने तो मजकूर पुसून टाकावा असं मागेच सुचवलं होतं. दादाने पुसू दिला नव्हता. त्याने फोन तिच्या हातात दिला.

तिने वाचलं. पुन्हा वाचलं. मग विचारलं, "हे सगळं साठतं कुठे?"

दादाने चपलांच्या कपाटाकडे बोट दाखवलं. ती उठून त्या डब्यासमोर उभी राहिली.

"म्हणजे मावशीचा निरोप दुपारीच इथे पोचला होता."

दादाने मान हलवली.

"आणि तुम्ही कुठे होतात?"

वहिनी सवयीने पुढे झाली. "ते ना, त्या दिवशी..." दादाने तिचा हात धरून तिला थांबवलं. पाटी घेतली, आणि ज्याची अक्षरं मी इतकी वर्षं वाचत आले, त्या माणसाने पहिल्यांदाच बारीक अक्षरात लिहिलं, "इथेच बसलो होतो."

भाची चिडली नाही, रडली नाही. पाटी वाचून तिने ती टेबलावर ठेवली. "मावशी म्हणायची, तिकडे सगळे आपले आहेत," एवढं बोलून तिने चपला घातल्या आणि जिना उतरून गेली. लिफ्ट चालू असूनही जिन्याने गेली.

मला तिचा राग आला, की असं नुसतं बोलून कसं जायचं. मग दादाचा आला. तिचा राग दोन दिवसांत गेला. दादाचा अजून गेलेला नाही, आणि तो पाटी घेऊन समोर आला की मी भांड्यांकडे वळते.