मरव्याचा वास

माझ्या भाचीच्या साखरपुड्याला टेबलावरची सजावट करायला शैला आली होती. गुलाबांना हात न लावता काचेच्या भांड्यात ती नुसती पानंच रचत होती, मनीप्लांटची रुंद पानं आणि कडेनं नेच्याची झालर. माझ्या मामींना राहवेना. "अगं, पालाच काय भरतेस? फुलं घाल की!"

"मामी, तुमच्या अबोलीच्या गजऱ्यातला हिरवा मरवा काढू का?" शैलानं मान वर न करता विचारलं.

मामींचा हात अंबाड्याकडे गेला. खरंच, अबोलीला वास कुठे असतो? आपण वळून बघतो ते मरव्याच्या दरवळानं, आणि कौतुक करतो अबोलीचं.

शैलानं शेवटी तीनच गुलाब खोवले. मामींनी हट्टानं चौथा पुढे केला. तिनं तो घेतला आणि मामींच्याच अंबाड्यात खोवला.